प्रसादाच्या रांगेतून परत बसवलं... कम्युनियन म्हणजे नक्की काय हो?

आडवाटकर (धागाकर्ता)

मंडळी, आठ दिवस झाले एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीयेत, आधीच सांगतो.

मागच्या रविवारी वसईला गेलो होतो, ऑफिसातल्या मित्राच्या मुलीची फर्स्ट होली कम्युनियन होती. पत्रिकेवर मराठीत छापलेलं 'प्रथम ख्रिस्तप्रसाद'. मित्र आमच्याकडे गणपतीला दरवर्षी सहकुटुंब येतो, पोरगी तर एकवीस मोदकांतले सहा एकटी संपवते, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता. चर्च गच्च भरलेलं, पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली, कोट घातलेली घामाघूम पोरं. आणि सगळं मराठीत! पेटी तबला, गाणी, फादरांचं प्रवचन, सगळं. मला उगाच वाटत होतं इंग्रजी नाहीतर लॅटिन असेल. मी मित्राच्या पुढच्या बाकावर बसलेलो, तो पार मागे, मी म्हटलं अरे पोरगी तुझी, तू पुढे का नाही, तर म्हणे फोटोवाल्याला जागा हवी.

मग ती पांढरी चकती वाटायला लागले. आधी पोरं, मग सगळे. माझ्या बाकावरचे उठले तसा मीही उठलो. आईने लहानपणापासून शिकवलंय की देवळातून प्रसाद न घेता निघायचं नाही, डाव्या हातावर उजवा हात ठेवून मी रांगेत. दोन पावलं गेलो असेन तेवढ्यात मागून मित्राने बाही धरली, "तू नको, बस." एवढंच. कोणी काही म्हणालं नाही, कोणी बघितलंही नसेल, पण कान असे तापले ना.

नंतर मांडवात जेवण जबरदस्त. फुगे, इंदेल, काय विचारू नका. मला पहिल्या पंगतीला बसवून आग्रह करकरून वाढलं. म्हणजे प्रश्न माणसांचा नाहीच. प्रश्न असा की जेवणाला पहिल्या पंगतीत आणि प्रसादाला बस खाली, हे काय गणित आहे? आमच्या गणपतीचं तीर्थ त्याला चालतं, आम्हालाही त्याला द्यायला चालतं. मग?

केळीच्या_बागेतून

वसईकर आहे, कॅथलिक आहे, म्हणून पहिला प्रतिसाद माझा हक्काचा :)

दादा, पहिलं म्हणजे मनाला लावून घेऊ नका. तुमच्या मित्राने तुम्हाला वाचवलं असं समजा, कारण फादरांनी हातात दिल्यावर तुम्ही ती चकती घरी बायकोला न्यायला खिशात घातली असती (प्रसाद आहे ना, अर्धा घरी न्यायचा असतो!) तर मोठाच घोळ झाला असता. आमच्याकडे रांगेवर लक्ष ठेवायला माणसं असतात ती त्यासाठीच. लग्नाच्या मिस्सेला (मिस्सा म्हणजे चर्चमधली ती उपासना, जिच्यात ही चकती देतात) तर फादर माइकवरून सांगतातच की फक्त कॅथलिक भाविकांनी पुढे यावं.

आता कारण. सगळा घोटाळा 'प्रसाद' या शब्दाने केलाय. तुमच्याकडे प्रसाद म्हणजे देवाला दाखवलेला नैवेद्य, तो देवाचा झाला आणि मग वाटला. आमची श्रद्धा अशी की मिस्सेत ती भाकर ख्रिस्ताचं शरीरच होते. देवाला दाखवलेली वस्तू नाही, देवच. फादर प्रत्येकाला म्हणतात "ख्रिस्ताचं शरीर" आणि घेणारा म्हणतो "आमेन". त्या आमेनमध्ये सगळं आलं, मी हे मानतो, मी या लोकांतला आहे. तुम्ही काय म्हणाला असता? "थँक्यू फादर"?

आणि ही अट आजची नाही. दिदाखे म्हणून अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींचं एक छोटं पुस्तक आहे, त्यातही लिहिलंय की बाप्तिस्मा न झालेल्याने हे खाऊ नये. जुन्या काळी तर जे अजून धर्मशिक्षण घेतायत त्यांना मधेच उठवून बाहेर पाठवायचे. मिस्सा हा शब्दच लॅटिनमधल्या निरोपाच्या वाक्यावरून आलाय, शेवटी लोकांना जायला सांगतात त्यावरून.

आमच्या पोरांनाही फुकट मिळत नाही. रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग, मग पहिलं पापनिवेदन (सात वर्षांच्या पोराची पापं काय तर बहिणीचं रबर चोरलं), मग कुठे हा दिवस. पूर्वी तर दहा बारा चौदा वर्षांचे होईपर्यंत थांबवायचे, १९१० साली दहावे पायस पोप होते त्यांनी सांगितलं की कळतं वय झालं, साधारण सात, की द्या.

आणि उपास! आजी सांगायची मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंब नाही, म्हणून सगळ्यांना पहाटेची मिस्सा हवी असायची. १९५७ मध्ये तो उपास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. आता काय, गाडी पार्क करून आत येईपर्यंत तास होतो.

शंकेखोर

म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, भाजलेली पातळ चकती. मंत्र म्हटल्यावर प्रयोगशाळेत नेली तर काय सापडेल? गव्हाचं पीठ आणि पाणी. भाकरीसाठी एवढा बंदोबस्त, नवल आहे.

(भांडायला नाही आलोय, खरंच विचारतोय.)

आडवाटकर

@केळीच्या_बागेतून धन्यवाद, "थँक्यू फादर" ला मोठ्याने हसलो, कारण खरंच तेच म्हणालो असतो.

@शंकेखोर पाचशेची नोट प्रयोगशाळेत नेली तरी कागदच सापडेल ना.

शंकेखोर

नोट म्हणजे काय ते ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री कळलं की सगळ्यांना. म्हणजे किंमत लोकांच्या मानण्यात आहे, तेच तर म्हणतोय.

दगडी_चर्च

तुम्ही दोघांनी आत्ता जे केलंत ना, नोट आणि कागद, त्यावरून अख्खा युरोप भांडला आहे. मी नगरची, निवृत्त शिक्षिका, प्रोटेस्टंट घरातली, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा, जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

कॅथलिक म्हणतात दिसायला, चवीला, प्रयोगशाळेत सगळं भाकरीचंच राहतं, पण ती वस्तू आत मुळातून बदलते. त्यांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये हे पक्कं करून टाकलं. म्हणजे शंकेखोरांच्या प्रयोगशाळेला त्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवलंय, हाहा. ज्याच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट वेगळे झालो तो ल्यूथर म्हणाला भाकर भाकरही राहते आणि ख्रिस्तही खरोखर तिथे असतो. स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली म्हणाला, नाही, ही आठवण आहे, खूण आहे. १५२९ मध्ये दोघांना जर्मनीत मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं, एकी व्हावी म्हणून. ल्यूथरने काय करावं, टेबलावर खडूने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं, 'हे माझे शरीर आहे', आणि त्या 'आहे' वरून तसूभर हलला नाही. बाकी बहुतेक मुद्द्यांवर जुळलं, या एका 'आहे' वर फाटलं. एकत्र जेवायचं कसं यावरून दोन माणसं एकत्र जेवू शकली नाहीत.

आमच्याकडे याला ख्रिस्तप्रसाद म्हणत नाहीत, प्रभुभोजन म्हणतात. शब्द बदलला की घरच बदलतं बघा. प्रसाद मागायचा असतो, कोणीही हात पुढे करावा. भोजनाला बोलावणं लागतं. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, दृढीकरण झालेली (कळत्या वयात आपली श्रद्धा स्वतः जाहीर केलेली) मंडळी घेतात, दुसऱ्या चर्चचे सभासद पाहुणे आलेले असले तर त्यांनाही बोलावतो. पण बाप्तिस्माच नाही त्याने घ्यावं असं आमच्यातही नाही, तेव्हा आडवाटकर, तुम्ही नगरला आला असतात तरी बसूनच राहिला असतात, फक्त बाही ओढायला मी असते :)

भाकरीबरोबर प्यालाही असतो, वाइनचा, पण आमच्याकडे वाइन नव्हती. आई शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायची, सकाळी उकळून, कुस्करून, फडक्याने गाळून ते पाणी. आम्ही पोरं चोथा खायला टपलेली. अमेरिकेत मेथडिस्ट मंडळींना दारू वर्ज्य म्हणून १८६९ मध्ये वेल्च नावाच्या दाताच्या डॉक्टरने द्राक्षरस न आंबता टिकवायची युक्ती काढली, त्याचा पुढे मोठा धंदा झाला, नगरला मात्र मनुकांवरच भागवायचो.

आता आजीने सांगितलेलं. तिच्या सासरच्या खेड्यात मिशनमध्ये आलेली घरं महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली. प्रार्थनेला एकत्र बसायचे, गाणी एकत्र म्हणायचे. प्याला मात्र एकच, तो एकाच्या तोंडचा दुसऱ्याच्या तोंडाला. तिथे अडायचं. कोणाचा आधी, कोणाचा नंतर. पुस्तकातली शिकवण पाठ असायची पण ओठ प्याल्याला लावताना मान मागे जायची, असं ती हात करून दाखवायची. पुढे छोट्या छोट्या काचेच्या पेल्या आल्या, स्वच्छतेसाठी म्हणून. आजी म्हणायची, स्वच्छ झालं खरं पण त्या एका प्याल्याने जो घाम फोडला तो पेल्यांनी नाही फोडला.

आणि हे नगरचंच नाही हो. बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय काढा. साधारण इ.स. ५५ ची गोष्ट. श्रीमंत लवकर येऊन खाऊन पिऊन तर्र, गरीब कामावरून येतात तोवर ताटं रिकामी. पौल चिडून म्हणतो की तुम्ही जे खाताय ते प्रभूचं भोजन नव्हेच. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच.

खुर्ची_ओढून

पंक्तिप्रपंच!! काय आठवण काढलीत ताई. वाचतोय, चालू द्या.

अलिबाग_ते_अश्दोद

मनुकांचं वाचून राहवलं नाही, नाहीतर मी नुसती वाचकच आहे इथे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोळ अलिबागकडचं, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथला (आमचा विसाव्याचा दिवस) किद्दुशची प्रार्थना म्हणतात, त्याला वाइन लागते, पण कोकणात कुठली वाइन, म्हणून काळ्या मनुकांचं सरबत. अगदी तीच कृती, भिजवा, कुस्करा, गाळा. इथे दुकानात हवी तेवढी वाइन मिळते तरी माझी आई सरबतच करते, तिला वाइनने शब्बाथ झाल्यासारखा वाटत नाही.

आणि येशूचं ते शेवटचं जेवण वल्हांडणाचंच (मिसर देशातून सुटकेच्या आमच्या सणाचं) होतं असं तुमच्या तीन शुभवर्तमानांत आहे ना (चौथ्यात एक दिवस आधी, असं आमचे एक शेजारी सांगायचे). म्हणून ती चकती बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या पिठाची. आमच्या सणात आठवडाभर घरात खमीर नको. गंमत म्हणजे पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्च आंबवलेली भाकर वापरतात आणि रोमवाले बेखमीर, आणि १०५४ मध्ये ही दोन्ही चर्च फुटली त्यात हाही एक भांडणाचा मुद्दा होता. पिठावरून किती भांडायचं!

वाटून खाण्याचा आमचा खास प्रकार म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने करतो, लग्नाआधी, नवस फेडताना, नवीन घर घेतलं की. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याचा टापा (पवित्र जागा) आहे, खडकावर रथाच्या चाकाची खूण दाखवतात. मलिदा शेजारपाजारच्यांनाही देतो, त्याला अट नाही. पण वल्हांडणाच्या जेवणाला मूळ नियम असा की सुंता न झालेल्याने ते कोकरू खायचं नाही. म्हणजे आमच्यातही दोन ताटं, एक दारात वाटायचं आणि एक आतलं. मला वाटतं सगळ्यांच्यातच असतात.

टाळमृदुंग

माफ करा पण सगळ्यांच्यात नसतात. वारकऱ्यांचा काला बघा. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात सगळ्या पालख्या जमतात, लाह्या दही पोहे एकत्र कालवलेले, एकमेकांच्या मुखात घालायचा. कोण कुठला विचारत नाही. गावोगावच्या सप्ताहाचाही शेवट काल्याच्या कीर्तनानेच. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, ह्याची भाकरी त्याचं लोणचं, आणि पोरांचं उष्टं खाल्लं. उष्टं! देव उष्टं खातो. आणि ते मिळावं म्हणून इंद्रादी देव मासे होऊन यमुनेत आले की पोरं हात धुतील तेव्हा शितं मिळतील, तर कृष्णाने पोरांना सांगितलं हात धुवू नका, घोंगडीला पुसा. ही कथा काल्याच्या कीर्तनात ऐकताना अजून डोळ्यात पाणी येतं. तर कम्युनियनला मराठी शब्द हवाच असेल तर 'काला' घ्या, आणि आमच्या काल्याच्या रांगेतून कोणाला बसवत नाहीत एवढं सांगतो.

निळी_शाई

टाळमृदुंग माउली, कथा सुंदर आहे, मलाही आवडते. पण शेवटचं वाक्य जरा थांबून लिहायला हवं होतं.

चोखोबांची समाधी महाद्वारात आहे, आत नाही. ते जिवंत असताना आत नव्हते आणि त्यांच्यानंतर सहाशे वर्षं त्यांची माणसं आत नव्हती. साने गुरुजींना त्यासाठी मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसावं लागलं. उपाशी. जेवणाच्या विषयात हेही लिहून ठेवा. इरावती कर्वे वारीला गेल्या होत्या, त्यांनी लिहिलंय, एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे, भजन एकत्र, चालणं एकत्र, आणि मुक्कामाला जेवणं वेगळी. मग काला वर्षातून एक दिवस आणि चूल रोजची.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जे झालं ते कशासाठी, ओंजळभर पाण्यासाठी. तहान लागली होती म्हणून नव्हे. एका पाण्याला हात लागला की एक माणूसपण मान्य झालं, यासाठी. ज्या गावात एक प्याला ओठाला लावताना मान मागे जाते (दगडी_चर्च ताई, तुमच्या आजीने लाख मोलाचं सांगितलंय) त्या गावात याहून मोठी कम्युनियन कोणती?

आणि तरी बाबासाहेब सहभोजनांवर भाळले नाहीत. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण कधी न झालेल्या भाषणात ते सरळ म्हणतात की एकत्र जेवून जात गेलेली नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्न. रोटीने भागत नाही, बेटीपर्यंत जायला हवं. त्याच सुमाराला अनंत हरी गद्रे झुणका-भाकरीच्या पंगती घालत होते, त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण पंगत उठली की जो तो आपल्या आळीत.

टाळमृदुंग

मान्य. खोटं कशाला बोलू, लहानपणी आमच्याच दिंडीत पाण्याचा टँकर एक पण हंडे दोन होते, आणि कोणता हंडा कोणाचा हे मला कोणी शिकवलेलं आठवत नाही, तरी माहीत होतं. आज नाहीत. काल्याची कथा मात्र मी सोडणार नाही, तिच्यामुळेच ते दोन हंडे टोचायला लागले.

निळी_शाई

सोडूच नका.

पेठेतला_पाहुणा

जेवणावरून बहिष्कार म्हटलं आणि पुण्याचा चहा कोणी काढला नाही? अहो पंचहौद मिशन! ऑक्टोबर १८९०. गुरुवार पेठेतल्या मिशनऱ्यांनी व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी बोलावली, लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोखले सगळे. भाषणानंतर चहा बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप पुढ्यात ठेवला. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, विक्षिप्त गृहस्थ) यांनी हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. झालं, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, चौकशीला कमिशन, बहिष्कार, भटजी मिळेना. टिळक म्हणाले मी काशीला प्रायश्चित्त घेतलंय, रानड्यांनी शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांनी त्यांनाच धारेवर धरलं.

एक कप चहा हो. चर्चवाल्यांसाठी साधा पाहुणचार, आणि पेठेतल्यांसाठी तीच कम्युनियन! म्हणजे कोणी काही मानो न मानो, कोणाबरोबर प्यायलात यावरून तुम्ही कोण ते ठरलं. आडवाटकर, तुम्हाला रांगेतून बसवलं ते फार जुन्या हिशेबाने रास्तच म्हणायचं, १८९० मध्ये ती चकती घेतली असतीत तर परत घरच्यांनीच बसवलं असतं.

इंग्रजीत वाळीत टाकण्याला एक्सकम्युनिकेशन म्हणतात, त्यात कम्युनियनच दडलंय. आणि वाळीत टाकणं जुनं समजू नका, आपल्या राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

मांडवीकाठ

आमच्या गोंयात हा शब्दांचा तंटाच नाही. पोर्तुगीजवरून आलेला कुमगार. पापनिवेदन ते कुमसार, चकती घेणं तो कुमगार, बाबा कुमसार केल्याशिवाय कुमगार नको असं आजी बजावायची. कोकणीत इतकं मुरलंय की तो परका शब्द आहे हे मला कॉलेजात कळलं.

जातीचं म्हणाल तर आमच्याकडेही हेच. कुमगार सगळ्यांना एकच, पण फेस्ताला (चर्चच्या सणाला) कोणत्या कोफ्रारीचा, म्हणजे चर्चमधल्या मंडळाचा, माणूस कोणत्या रंगाचा झगा घालून पुढे चालणार, तांबडा की निळा, तिथे बामण, चाड्डी अशा आमच्यातल्या जाती सगळ्या बाहेर. काही गावांत त्यावरून कोर्टकज्जे झालेत. जिभेवर एकच चकती आणि अंगावर दोन रंग.

गहूबंदी

मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं पण लिहिते. मी कॅथलिक, पुण्यात राहते, आणि मला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हाचा कण चालत नाही. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं चपाती, ब्रेड, बिस्किट बंद, मी मान डोलावत होते, आणि बाहेर आल्यावर रिक्षात एकदम रडायला आलं. चपातीसाठी नाही, रविवारसाठी.

तांदळाची चकती चालेल का विचारलं, तर नाही. नियम असा की गहूच हवा. रोमने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की ग्लूटेन अगदी कमी असलेली चालते, अजिबात नसलेली नाही. कमीवाली परदेशातून मागवून बघितली, मला तीही सोसली नाही. मग उपाय एकच, नुसता प्याला. श्रद्धेप्रमाणे दोन्हीतल्या कशातही पूर्ण ख्रिस्त आहे, त्यामुळे काही कमी मिळत नाही. तरी सगळे एका रांगेतून जातात आणि मी शेवटी वेगळी उभी राहते, फादर माझ्यासाठी वेगळा छोटा चषक धरतात. पहिले काही महिने बायका बघायच्या, हिने काय केलंय म्हणून. आता एक सात आठ वर्षांची मुलगी दर रविवारी माझ्याकडे बघून हात हलवते.

आडवाटकर, कान तापल्याचं वाचलं आणि म्हणून हे लिहिलं.

शंकेखोर

ताई, मी आधी 'भाकरीसाठी एवढा बंदोबस्त' असं लिहिलं होतं त्याबद्दल सॉरी. मला अजून पटत नाही, पण तसं लिहायला नको होतं.

केळीच्या_बागेतून

@गहूबंदी 🙏

यावरून आठवलं ते मघाशी लिहायचं राहिलं. रांगेतून फक्त बाहेरचेच बसतात असं नाही. आमच्यातलेही बसतात. माझा काका, पहिलं लग्न मोडलं, कोर्टातून घटस्फोट, पण चर्चने ते लग्न रद्द ठरवलेलं नाही, त्याने दुसरं केलं. दर रविवारी येतो, गाणी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणतो, आणि रांग लागली की गुडघे टेकून मान खाली. वीस वर्षं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की अशा प्रत्येकाचा विचार फादरांनी त्याच्याबरोबर बसून करावा, दार जरा किलकिलं झालंय, पण काका म्हणतो आता सवय झाली. तो नेहमी पार मागे बसतो. मागच्या बाकांवर बसलं की शेजारचे उठताना पाय आत घ्यावे लागत नाहीत म्हणे.

दगडी_चर्च

शिक्षिकेची खोड, उत्तरपत्रिका दोनदा वाचते. आडवाटकर, तुमचा पहिला मजकूर परत वाचला. तुमचे मित्र तुमच्या मागे होते. तुम्ही रांगेत, दोन पावलं गेलेले, आणि त्यांनी मागून बाही धरली. मुलगी त्यांची, सोहळा त्यांच्या घरचा. ते स्वतः रांगेत होते का?

आडवाटकर

...

ताई, नव्हता. बसलेला होता. बसल्या बसल्याच हात लांब करून धरली बाही. मी नंतर परत बसलो तेव्हाही तो तिथेच, आणि अख्खा बाक रिकामा. मी माझेच कान चोळत होतो.

केळीच्या_बागेतून

दादा, कारण शंभर असू शकतात, कधी कधी नुसतं सकाळी चहा उशिरा घेतला म्हणूनही माणूस बसतो. विचारू नका पण.

आडवाटकर

नाही विचारलं. अपडेट देतो आणि थांबतो. काल त्याच्या घरी गेलो होतो, फोटो बघायला बोलावलेलं. पोरगी अल्बम दाखवत होती, हा फोटो बघ काका, माझी जीभ किती बाहेर आलीय. आईबरोबर, आजीबरोबर, गॉडमदरबरोबर, सगळे वेदीपुढचे. बापाबरोबरचे फोटो सगळे बाहेरचे, अंगणातले. मी काही बोललो नाही, तोच म्हणाला, "त्या दिवशी तुला ओढलं, राग आला असेल." मी म्हटलं छे. तो म्हणाला, "मला एकट्याला मागे बसायची सवय आहे. तू होतास ते बरं झालं." आणि बायकोला हाक मारून म्हणाला याला फुगे दे, परवाचे उरलेत. शिळे होते, पोरीने अर्धा खाऊन उरलेला माझ्याच बशीत टाकला, मी खाल्ला.

टाळमृदुंग

उष्टं खाल्लंत की हो. झाला काला.

खुर्ची_ओढून

आता हे फुगे काय प्रकार आहे ते कोणीतरी सांगा, धागाभर ऐकतोय.

केळीच्या_बागेतून

मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, आणि फुगवायला ताडी. ताडी नाही मिळाली तर यीस्ट, पण मग ती चव नाही. पीठ सैल हवं, रात्रभर ठेवायचं, सकाळी मुठीतून अंगठ्याजवळून दाबून गोळा सोडायचा तेलात, आपोआप उलटतो. नाही उलटला तर पीठ घट्ट झालं समजा. इंदेलबरोबर खा, नुसते गोड लागत नाहीत.

गहूबंदी

मैदा 😭

केळीच्या_बागेतून

अगं थांब, तांदळाच्या पिठाचे करून बघते तुझ्यासाठी. उलटतील की नाही माहीत नाही. रविवारी सांगते.